मुंबईला काही झालं नाही, मग निसर्ग वादळाचा अंदाज चुकला होता का?

तुमचा प्रश्न असा: जून २०२० मध्ये निसर्ग येणार म्हणून मुंबई दोन दिवस धास्तावली आणि शेवटी फारसं काही झालं नाही. मग समुद्रातल्या वादळाचा माग खरंच लागतो, की सगळं अंदाजपंचे चालतं?

माग लागतो, आणि त्या वेळचा अंदाज चुकला नव्हता. आमचं मूळ घर श्रीवर्धन तालुक्यात आहे, म्हणून हे जरा ठासून सांगतो. ३ जूनला दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आमच्या वाडीतल्या पोफळी काही मुळासकट उपटल्या, काही कंबरेत मोडल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. त्यामुळे 'वादळ आलंच नाही' असं कुणी म्हटलं की मला लागतं.

आता अंतरं बघा. हवामान खात्याने आधीपासून अलिबागच्या आसपासचं नाव घेतलं होतं. अलिबाग ते दिवेआगर सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, मुंबई ते दिवेआगर ऐंशीच्या आसपास. आणि २४ तास आधी वर्तवलेली वादळाच्या केंद्राची जागा आपल्याकडे आजही सरासरी ७०-८० किलोमीटर इकडेतिकडे होते. म्हणजे आदल्या दिवशी मुंबईला 'तुम्ही निवांत राहा' असं सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. नकाशावर वादळाच्या वाटेभोवती पुढे रुंद होत जाणारा पट्टा काढतात तो याचसाठी. लोक मधली रेघ बघतात. बघायचा असतो तो पट्टा.

मुंबई वाचली त्याला दुसरंही कारण आहे. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं. वाटेच्या उजव्या अंगाला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र येतात आणि वारा समुद्रावरून थेट जमिनीवर येतो. डाव्या अंगाला एक वेग दुसऱ्यातून वजा होतो. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली उजवीकडे आली, मुंबई डावीकडे.

माग काढतात कसा? वादळ जन्मायला समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर लागतं, आणि नुसता वरचा थर तापून भागत नाही, खाली पन्नासेक मीटरपर्यंत ऊब हवी. नाहीतर वादळ स्वतःच पाणी घुसळून खालचं गार पाणी वर आणतं आणि विझतं. शिवाय खालचा आणि वरचा वारा फार वेगळ्या दिशेने वाहत असेल तर ढगांचा मनोरा उभाच राहत नाही. ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रात मोठी वादळं सहसा होत नाहीत ती यामुळे.

भर समुद्रात वारा मोजायला थोडेसे तरंगते बोये आणि एखादं जहाज, एवढंच असतं. म्हणून मुख्य भिस्त इन्सॅट उपग्रहांच्या चित्रांवर. ढगांचा माथा किती थंड, गुंडाळी किती घट्ट, मधला डोळा, म्हणजे केंद्रातली शांत मोकळी जागा, दिसतो का, यावरून वादळाला एक आकडा देतात आणि त्या आकड्यावरून वाऱ्याचा वेग ठरवतात. व्हर्नन ड्वोराक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात ही रीत बसवली आणि ती अजून जगभर वापरतात. किनारा जवळ आला की मग पाऊस आणि वाऱ्याचा वेग टिपणारं डॉप्लर रडार.

पुढची वाट ठरते वरच्या वाऱ्यांवर. पऱ्यात पडलेलं पान जसं पाणी नेईल तिकडे जातं, तसंच. संगणकाला सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तोच हिशेब पुन्हा पुन्हा करायला लावतात. सगळी उत्तरं एका जागी आली तर भरवसा वाढतो, पांगली तर पट्टा रुंद होतो. २०२३ च्या बिपरजॉयच्या वेळी सुरुवातीला उत्तरं अशीच पांगली होती. शेवटी ते कच्छमध्ये जखाऊजवळ गेलं.

खरी अडचण वाटेची नाही, जोराची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोवर आलेलं ओटिस एका दिवसात साध्या वादळाचं सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीचं झालं, आणि एवढं वाढेल हे कुणाला आधी सांगता आलं नाही. २०१७ चं ओखी कन्याकुमारीजवळ इतक्या झपाट्याने तयार झालं, की शेकडो मच्छीमार तेव्हा समुद्रातच होते. अनेक जण परत आले नाहीत. माझा या शास्त्रावर विश्वास आहे, पण ही कमतरता मला खुपते.

निसर्गच्या आदल्या संध्याकाळी आमच्या आजीला गावातल्या शाळेत हलवलं होतं. ती जायला तयार नव्हती, काकांनी जवळजवळ उचलूनच नेलं. दुसऱ्या दिवशी ती रोज झोपते त्या पडवीवर शेजारचा माड आडवा झाला होता आणि कौलांचा चुरा तिच्या बाजेवर पडला होता.