‘रु.’ च्या जागी ‘₹’ टाकताना ‘गुरुवार’ का बिघडतो?

तुम्ही दादरच्या दुकानाच्या दरपत्रकात रेगेक्सने (मजकुरातले नमुने, म्हणजे पॅटर्न, शोधायची पद्धत) ‘रु.’ शोधून ‘₹’ टाकलंत आणि ‘गुरुवार बंद’चं ‘गु₹ार बंद’ झालं, ही ‘रु.’मधल्या टिंबाची करामत. रेगेक्समध्ये टिंब म्हणजे नवी ओळ सोडून कुठलंही एक अक्षर. इथे त्याने ‘रु’नंतरचा ‘व’ गिळला. पॅटर्न ‘रु\.’ असा लिहा, म्हणजे बॅकस्लॅशमुळे टिंब हे नुसतं टिंबच राहील. शोधायचा मजकूर व्हेरिएबलमधून येत असेल, तर पायथनच्या री मोड्यूलमधलं एस्केप फंक्शन वापरा, ते हे बॅकस्लॅश आपोआप लावतं. हाताने बॅकस्लॅश मारत बसू नका.

बदली मजकुराचे (सापडलेल्या तुकड्याच्या जागी जो टाकायचा त्याचे) नियम मात्र वेगळे, आणि खरे हाल तिथेच होतात. टिंब तिथे निरुपद्रवी; पण जावास्क्रिप्टमध्ये ‘$&’ म्हणजे सापडलेला अख्खा तुकडा, म्हणून नुसता डॉलर हवा असेल तर ‘$$’ लिहायचं. पायथनमध्ये तीच भानगड बॅकस्लॅशची, तो दुप्पट करा.

बाकी तुमच्या एवढ्याशा कामाला रेगेक्स कशाला? पायथनमध्ये स्ट्रिंगचं (मजकुराचं) साधं रिप्लेस पुरे.