'चरित्र अभिनेता' मराठीत चालेल का?

जुन्या हॉलिवूडमधले नट वॉल्टर ब्रेनन यांच्यावर एक मैत्रीण मराठीत लेख लिहिते आहे. तिचा प्रश्न असा : 'कॅरेक्टर ॲक्टर'ला 'चरित्र अभिनेता' म्हणावं की 'सहायक अभिनेता'? की दोन्हींचा अर्थ एकच?

अर्थ एक नाही. 'सहायक' म्हटलं की भूमिकेचं कथेतलं स्थान कळतं : मध्यभागी कोण आणि बाजूला कोण. 'कॅरेक्टर ॲक्टर' म्हटलं की नटाची जात कळते. आपलं रूप आणि आपली छबी पडद्यावर न मिरवता दर वेळी एक वेगळाच माणूस उभा करणारा तो नट. बहुतेकदा दोन्ही गोष्टी एकाच नटाच्या वाट्याला येतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

ब्रेनन यांच्या कारकिर्दीत हा फरक फार स्वच्छ दिसतो. ऑस्करमध्ये सहायक अभिनयाचा विभाग 1936च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी अभिनेत्यांमधला तो मान 'कम अँड गेट इट'साठी ब्रेनन यांना मिळाला. (सुरुवातीची काही वर्षं या विभागात ऑस्करची ओळखीची बाहुली देत नसत, फलक देत. स्टुडिओंच्या जगातली उतरंड त्यातूनही कळते.) पुढे 1938च्या 'केंटकी'साठी आणि 1940च्या 'द वेस्टर्नर'साठी त्यांना तेच पारितोषिक मिळालं. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर तीनदा मिळवणारे ते एकटेच. पण 'द वेस्टर्नर' नीट पाहा. त्यातला जज्ज रॉय बीन गॅरी कूपरच्या नायकाच्या तोडीस तोड जागा व्यापतो, सगळा चित्रपट त्याच्या लहरीवर हलतो. त्या भूमिकेला 'सहायक' म्हणणं ही पारितोषिकाच्या विभागाची सोय झाली. 'कॅरेक्टर' मात्र ती शंभर टक्के आहे.

'बार्बरी कोस्ट' 1935चा. त्यात त्यांच्या पात्राच्या नावातच 'ओल्ड' आहे आणि ब्रेनन तेव्हा जेमतेम चाळिशी ओलांडलेले. त्या भूमिकेसाठी ते भेटायला आले तेव्हाची एक गोष्ट दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगत असत. ब्रेनननी विचारलं, "घालून करू की काढून?" "काय?" "दात!" एका अपघातात खरे दात गेलेले, म्हणून कवळी होती आणि तिचाही ते अभिनयासाठी उपयोग करत. हॉक्सच्याच 'रेड रिव्हर'मध्ये (1948) तर कवळीवर एक अख्खं उपकथानक आहे. ब्रेनननी केलेला स्वयंपाकी ग्रूट पत्त्यांच्या डावात आपली कवळी एका सोबत्याकडे हरतो आणि जेवायच्या वेळेपुरती ती त्याच्याकडून मागून घ्यावी लागते. 'टू हॅव अँड हॅव नॉट'मधला (1944) दारुडा एडी भेटेल त्याला विचारतो, मेलेली मधमाशी कधी चावलीय का तुला? लॉरेन बॅकॉलची नायिका त्याला वेड्यात न काढता उलट विचारते, "तुला?" आणि त्या क्षणी एडी तिला आपल्यातली मानतो. आपणही मानतो. दोनच वर्षांनी 'माय डार्लिंग क्लेमेंटाईन'मध्ये हाच नट पोरांना चाबकाने फोडून काढणारा क्रूर बाप होतो आणि एडीची आठवणसुद्धा येऊ देत नाही.

आता 'चरित्र'. हिंदीत 'चरित्र' म्हणजे कथा-नाटकातलं पात्रही होतं आणि त्याचा स्वभावही, म्हणून तिथे 'चरित्र-चित्रण' आणि 'चरित्र अभिनेता' सहज बसतात. मराठीत 'चरित्र' म्हणजे जीवनकथा. 'लीळाचरित्र'पासून शाळेतल्या थोरांच्या चरित्रांपर्यंत हीच ओळ आहे. नीतीच्या अर्थाने आपण 'चारित्र्य' वेगळं काढलं, पात्रासाठी 'व्यक्तिरेखा' घडवली आणि थोरांच्या आयुष्यावरच्या चित्रपटाला 'चरित्रपट' म्हटलं. मग 'चरित्र अभिनेता' म्हणजे चरित्रपटांत काम करणारा, असं कुणी वाचलं तर त्याचं काय चुकलं?

वृत्तपत्रांतून हा शब्द मराठीत रुळू लागला आहे हे खरं, पण तो येताना हिंदी चित्रपटसृष्टीतली एक छटाही घेऊन आला. "नायकाच्या भूमिका संपल्यावर ते चरित्र भूमिकांकडे वळले" हे वाक्य आपण कितीदा वाचलेलं असतं. म्हणजे वय झालं, आता बाप, काका, न्यायाधीश. ब्रेनन कुठूनही वळले नाहीत. ते एक्स्ट्रा म्हणून आले आणि पहिल्यापासून हेच काम करत राहिले. त्यांच्याबद्दल हा शब्द वापरला तर वाचक नकळत उतरणीला लागलेला नायक डोळ्यांसमोर आणेल, आणि ते मला फार खटकतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 'प्रभात'चा 'कुंकू' (1937). तरुण मुलीशी लग्न करून बसलेले विधुर वकील काकासाहेब केशवराव दात्यांनी केले. भूमिका मध्यवर्ती आहे, तिला 'सहायक' म्हणताच येणार नाही. दाते नायकही नाहीत, खलनायकही नाहीत. त्यांच्यासाठी मराठी माणूस नामाच्या शोधात जात नाही, क्रियापद वापरतो : काकासाहेब काय उभे केलेत! भूमिका उभी करणे, वठवणे, रंगवणे. नाटकवाल्यांच्या बोलीत 'बेअरिंग', म्हणजे पात्राची चालढाल आणि बोलण्याची धाटणी, पकडणे आणि ते शेवटपर्यंत सांभाळणे. या कलेबद्दल बोलायला मराठीकडे शब्द भरपूर आहेत, फक्त ते क्रियापदांच्या बाजूला आहेत.

म्हणून माझा सल्ला : लेखात एकदा 'कॅरेक्टर ॲक्टर' असंच लिहावं. सिनेमा-नाटकाच्या जगात 'कॅरेक्टर रोल' रोज बोलला जातो, वाचकाला तो परका नाही. त्याच्या पाठोपाठ एका वाक्यात अर्थ उलगडावा आणि पुढे 'व्यक्तिरेखा उभी करणारा नट' या वळणाने जावं. 'दुय्यम भूमिका' मात्र टाळावी. त्यात दर्जा कमी असल्याचा वास येतो, आणि तीन ऑस्करवाल्या माणसाबद्दल तो अन्याय आहे. पारितोषिकाचा उल्लेख येईल तिथे 'सहायक अभिनेता' ठीक. तो 'सहायक' किंवा 'साहाय्यक' असा लिहावा. नाम 'साहाय्य' आहे, त्यामुळे सर्रास दिसणारा 'सहाय्यक' व्युत्पत्तीला धरून नाही.