एम-80 चे खांब आगीत एम-30 पेक्षा जास्त टिकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या इमारतीचे खांब एम-30 काँक्रीटचे होते, नव्या इमारतीचे एम-80 चे आहेत (‘एम’पुढचा आकडा म्हणजे ग्रेड, काँक्रीटची दाब सोसायची ताकद), म्हणजे आग लागली तर नवी इमारत जास्त सुरक्षित ना?

नाही. निदान त्या कारणाने तर नाहीच.

‘ग्रेड जास्त म्हणजे सगळंच जास्त’ हे वाक्य मी एका प्रोजेक्ट मॅनेजरच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की तुमचा प्रश्न वाचून तेच साहेब समोर येऊन बसले. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी कारण. काँक्रीटमध्ये पाणी असतं, काही मोकळं आणि काही सिमेंटशी बांधलेलं. तापलं की त्याची वाफ होते. साध्या काँक्रीटला भरपूर छिद्रं असतात, त्यांतून वाफ निघून जाते. एम-80 मध्ये आपण पाणी कमी करतो, सिलिका फ्यूम (सिमेंटपेक्षाही बारीक सिलिकाची पूड) घालतो आणि नेमकी तीच छिद्रं बुजवतो. ताकद तिथूनच येते. आगीत मात्र वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही. थोडी वाफ आतल्या थंड भागाकडे सरकते, तिथे तिचं परत पाणी होतं आणि ओला थर तयार होऊन मागची वाटही बंद होते. त्यात भर म्हणजे बाहेरचं कवच तापून फुगू पाहतं आणि आतला थंड गाभा त्याला फुगू देत नाही. हे दोन्ही ताण एकत्र आले की ढलपे उडतात, तेही आवाज करत. बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, गेलं की सळई उघडी पडते, आणि साधारण 550 ते 600 अंश सेल्सिअसला सळईची निम्मी ताकद संपलेली असते.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही: पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू. ते 160-170 अंशांच्या आसपास वितळतात आणि वाफेला वाट मोकळी होते. युरोकोडमध्ये, म्हणजे युरोपच्या बांधकाम-नियमांत, सी-80/95 च्या (सिलिंडरवर मोजलेली ताकद 80, क्यूबवर 95) वरच्या काँक्रीटसाठी जे पर्याय दिलेत, त्यांतला एक म्हणजे घनमीटरला 2 किलोपेक्षा जास्त तंतू.

माझं भांडण याच 2 किलोवरून झालं. मिक्सची ट्रायल चालू होती. तंतू घातले की स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, कमी होतो, पंपवाला कुरकुरतो. साहेब म्हणाले, “फायबर घातलंय की! पिशवी मी स्वतः बघितली.” पिशवी होती 900 ग्रॅमची. ओल्या काँक्रीटला आकुंचनाच्या भेगा पडू नयेत म्हणून प्लास्टरपासून स्लॅबपर्यंत सगळीकडे टाकतात, तीच. आगीसाठी तेवढ्याने भागत नाही, असं सांगितलं तर म्हणाले, “तुम्हा लॅबवाल्यांना नुसते लाड हवेत.”

मग मी क्यूब, म्हणजे चाचणीसाठी ओतलेले काँक्रीटचे ठोकळे, भाजले. एम-30, बिनतंतूचं एम-80 आणि 2 किलोवालं एम-80. सगळे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून भट्टीत घातले. पिंजरा नसता तर भट्टीचं अस्तर गेलं असतं. साहेबांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बिनतंतूचा क्यूब फुटला तेव्हा ते फोनवर होते आणि फोनवरचं वाक्य अर्धंच राहिलं. निवल्यावर तुकडे काढले तर पातळ, धारदार कडांचे, हात कापेल असे. एम-30 ला भेगा पडल्या होत्या, पण तो उभा होता. तंतूवाला अखंड. तो फोडून भिंगाखाली धरला तर जिथे तंतू होते तिथे केसाएवढ्या बारीक रिकाम्या नळ्या दिसत होत्या. ते भिंग मी त्यांच्याही हातात दिलं.

त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “खांब काय भट्टीत ठेवायचाय का?”

साहेब, आमची भट्टी तर सावकाश तापते. आयएसओ 834 या आंतरराष्ट्रीय मानकातली, चाचणीसाठी ठरवलेली प्रमाण आग 5 मिनिटांत 576 अंशांवर जाते, अर्ध्या तासात 842 वर आणि तासाभरात 945 वर. पेट्रोलसारखं इंधन पेटलं तर काही मिनिटांतच हजाराच्या वर. 18 नोव्हेंबर 1996 ला इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या चॅनल टनेलमध्ये ट्रक वाहून नेणाऱ्या रेल्वेगाडीला आग लागली. तिथलं अस्तर उत्तम, उच्च सामर्थ्याच्या काँक्रीटचं होतं. 40 सेंटिमीटरच्या आसपास जाड, पण काही जागी ढलपे उडून त्यातलं जेमतेम काही सेंटिमीटर उरलं. तिथेही कोणी खांब भट्टीत ठेवला नव्हता.

शेवटी सल्लागाराने स्पेसिफिकेशनमध्ये 2 किलो लिहून दिले, स्लम्पचा प्रश्न प्लास्टिसायझरचा (काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाचा) डोस बदलून सुटला आणि पंपही चालला. साहेबांच्या मते ते पैसे अजूनही वाया गेलेले आहेत.

आता तुमच्याबद्दल. बिल्डरला ‘फायबर आहे का’ असं विचारू नका, ‘हो’ हेच उत्तर येईल. घनमीटरला किती किलो, ते विचारा. सिलिका फ्यूम सिमेंटच्या 6 टक्क्यांच्या वर आहे का, तेही विचारा, कारण युरोकोडमध्ये ती मर्यादा पाळली नाही तर सी-80/95 च्या खालच्या ग्रेडलाही (क्यूबवर मोजलेलं आपलं एम-80 त्यांतच येतं) साधे नियम पुरत नाहीत. कॉलमच्या रिंगांचे, म्हणजे उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांचे, हूक 135 अंशांच्या कोनात आत वळवलेत का? 90 अंशांचे हूक कव्हर उडालं की उघडतात आणि मग उभ्या सळया बाहेर फुगतात. तंतू नसतील तर अग्निरोधक थर किंवा बोर्डिंग लावता येतं, बांधून झाल्यावरसुद्धा.

हे आधी सांगायला हवं होतं, पण प्रत्येक एम-80 फुटतंच असं नाही. ओलावा किती, भार किती, खडी कोणती, तापमान किती झपाट्याने चढतं, यावर बरंच अवलंबून आहे. नवं, पुरतं न वाळलेलं काँक्रीट जास्त धोक्याचं. आणि तंतू फक्त ढलपे थांबवतात, तापून कमी होणारी ताकद थांबवत नाहीत. 400 ते 500 अंशांदरम्यान कॅल्शियम हायड्रॉक्साइड मोडतं आणि 573 ला खडीतलं क्वार्ट्झ फुगतं, ते तंतू असोत-नसोत होणारच. एम-30 सुद्धा आगीतून धडधाकट बाहेर येत नाही. आग विझल्यावर खांब गुलाबीसर दिसला तर तो भाग 300 अंशांच्या वर गेला होता असं धरा, पण सगळ्याच खडीत तो रंग येत नाही. त्यामुळे रंग नाही म्हणून खांब ठीक, असं कोणी म्हणालं तर आधी कोअर, म्हणजे खांबातून कापून घेतलेला काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून तपासायला लावा.