जॅकेट नंतर, आधी पत्रातली एक ओळ

खानापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, हातात पडणारा पगार ४५,०००. घरी पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि आई. घरखर्च ३०,००० च्या आसपास, बाकी हप्ते भरून महिन्याला पाच-सहा हजार उरतात. २०२३ च्या जूनमध्ये ३५० सीसीची मोटारसायकल घेतली. महिन्यातून एखादी लांबची फेरी होते: चोर्ला घाटातून गोवा, कधी आंबोली, कधी थेट विजापूर.

त्यांचा प्रश्न असा: आपल्याकडे एकाच दिवसात तीन प्रकारची हवा लागते, म्हणून आत पावसाचं आणि थंडीचं अशी दोन लायनर, म्हणजे काढता-घालता येणारी अस्तरं, असलेलं २८,००० चं जॅकेट नऊ महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावं, की साधं जाळीचं जॅकेट घ्यावं? शेवटी लिहितात, 'सुरक्षेत मला कंजुषी करायची नाही. गाडीचा विमा पाच वर्षांचा आहे, माझी ८ लाखांची पॉलिसी आहे, त्यामुळे ती बाजू पक्की आहे. राहिलं ते फक्त जॅकेट.'

जॅकेटचं उत्तर आधी देऊन टाकतो: २८,००० चं घेऊ नका, कारणं पुढे सांगतो. मला काळजी वाटते ती या शेवटच्या ओळींची. ज्या दोन गोष्टी तुम्ही पक्क्या समजून चालला आहात, त्या दोन्ही कच्च्या आहेत.

गाडीच्या विम्याचा कागद आज कपाटातून काढा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तुमचा 'पाच वर्षांचा' तो हाच. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर त्याची भरपाई त्यातून होते. स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी भरून देणारा भाग, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, तो बहुतेक पॉलिसींत पहिल्या एकाच वर्षाचा असतो. त्या कागदावर दोन वेगवेगळ्या तारखा छापलेल्या असतात. तुमची पहिली तारीख जून २०२४ असेल, तर तेव्हापासून तुम्ही त्या संरक्षणाशिवाय घाट चढता-उतरता आहात. शोरूममधला माणूस 'पाच वर्षं बघायला नको' असं सांगून मोकळा होतो, आणि त्या एका वाक्यामुळे कितीतरी लोक असेच फिरताहेत. याचा मला खरोखर राग येतो.

त्याच कागदावर आणखी एक ओळ शोधा: मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. तोही कायद्याने सक्तीचा आहे, हप्ता वर्षाला काही शेकड्यांत असतो, आणि तोही अनेकदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो. आरसी तुमच्या नावावर आणि लायसन्स चालू असेल, तरच तो लागू होतो. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. दवाखान्याचं बिल त्यात येत नाही. ही मुदत संपली असेल तर या आठवड्यातच दोन्ही भाग चालू करा. मध्ये खंड पडल्यामुळे कंपनी आधी गाडी तपासेल आणि जुना नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, मिळणार नाही, पण खर्च साधारण अडीच-तीन हजारांत बसेल.

आता ८ लाखांची पॉलिसी. हप्ता वर्षाला ४०,०००, मुदत २० वर्षं, चार हप्ते भरून झालेत, आणि एजंटने शेवटी २५ लाख मिळतील असं सांगितलंय. घरखर्च महिना ३०,००० धरला, तर ८ लाख सव्वादोन वर्षांत संपतात. तेव्हा तुमची मुलगी दुसरीत असेल. ज्या घरात एकच पगार येतो, तिथे ८ लाखांना विमा म्हणणं मला पटत नाही.

आणि २५ लाख? ४०,००० प्रमाणे २० वर्षं भरून २५ लाख व्हायला दरवर्षी १० टक्के परतावा लागतो. असल्या पॉलिसीत तो मिळत नाही. विमा रकमेवर वर्षाला हजारी चाळीस-पंचेचाळीस रुपये बोनस धरला, तर हातात १५ लाखांच्या आसपास पडतील, म्हणजे साडेपाच-सहा टक्के. 'टॅक्स वाचतो' असंही तुम्हाला सांगितलंय. तुमचा वर्षाचा पगार साडेपाच लाखांच्या घरात. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचवायला ४०,००० कशाला गुंतवायचे?

तरीही रागाच्या भरात पॉलिसी मोडू नका. आज सरेंडर केली तर भरलेल्या १ लाख ६० हजारांतले जेमतेम निम्मे आणि थोडा बोनस हाती येईल. पहिल्या वर्षांचं कमिशन आणि खर्च कापून झालेला आहे, तो काही परत येत नाही. त्यापेक्षा ती पेड-अप करा. पुढचे हप्ते बंद, विमा रक्कम त्या प्रमाणात घटून १ लाख ६० हजार, जमा झालेला बोनस कायम, आणि सगळं मुदतीअखेर मिळेल. नवीन बोनस मात्र धरला जाणार नाही. उरलेले सोळा हप्ते तिथेच भरत राहिलात, तर त्यांच्यावर पीपीएफच्या जवळपासचा परतावा सुटेल, म्हणून चालू ठेवणं अगदीच वेडेपणाचं ठरणार नाही. पण तुम्हाला आज परताव्यापेक्षा विम्याची आणि हाताशी रोकड असण्याची गरज जास्त आहे.

सुटलेले ४०,००० असे लावा. साठीपर्यंतचा १ कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा, तुमच्या वयाला वर्षाला १२ ते १६ हजारांत बसतो; सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. फॉर्म स्वतः भरा. तंबाखू खात असाल, अगदी अधूनमधून, तरी लिहा. तो रकाना एजंटला भरू दिला की तो 'नाही' लिहितो आणि क्लेमच्या वेळी बायकोला हेलपाटे घालावे लागतात. शिवाय स्वतंत्र अपघात विमा घ्या, चारेक हजारांचा, आणि त्यात हाड मोडून घरी बसावं लागलं तर आठवड्याला ठरलेली रक्कम देणारं कलम आहे ना, हे बघून घ्या. मोटारसायकलवाल्याचं मनगट मोडणं ही मृत्यूपेक्षा कितीतरी जास्त शक्यतेची गोष्ट आहे, आणि तीन महिने शॉपफ्लोअरवर जाता आलं नाही तर टर्म विमा एक पैसाही देत नाही. राहिलेले वीसेक हजार बँकेत आरडीला लावा, दीड लाख साठेपर्यंत. सोसायटीत ठेवू नका. तिथे टक्का-दीड टक्का जास्त मिळत असेल, पण बँकेतल्या ठेवीला असलेलं ५ लाखांचं विमासंरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नसतं.

आता जॅकेट. तुमच्या नेहमीच्याच चोर्ला घाटाच्या रस्त्यावर आत लावायचं पावसाचं लायनर कसं वागेल ते बघा. जांबोटीपर्यंत कोरडं, कणकुंबी जवळ आली की धुकं आणि पाऊस. लायनर लावायला जॅकेट अंगातून काढायचं, आतली चेन जुळवायची, बाह्यांची बटणं शोधायची, आणि हे सगळं भिजत. बाहेरचं कापड तर भिजतंच: ते जड होतं, खिशातला मोबाईल आणि नोटा ओल्या होतात, वाऱ्याने ते गार पडून अंगातली ऊब ओढून घेतं. घाट उतरून गोव्यातल्या साखळीला पोचलात की तेच लायनर आत वाफ धरून ठेवतं. जुलैत लॉजवर रात्रभर टांगलं तरी सकाळी ओलंच असतं. थंडीचं लायनर म्हणजे पातळ रजईचा अस्तरवजा तुकडा. घरातला स्वेटर जॅकेटच्या आत घातला तरी आंबोलीच्या डिसेंबरला पुरतो. आणि एप्रिलमध्ये अथणीमार्गे विजापूरला जाताना त्या जाड कापडात जीव नकोसा होईल, मग एक दिवस तुम्ही ते घरीच ठेवून निघाल. जॅकेट अंगावर असलं तरच उपयोगाचं.

म्हणून जाळीचं घ्या, दहा-साडेदहा हजारांचं. आतल्या लेबलवर ईएन १७०९२ (मोटारसायकलच्या कपड्यांचं युरोपीय सुरक्षा मानक) आणि त्यापुढे ए, एए किंवा एएए बघा; एएए सगळ्यात मजबूत, पण उन्हात घालायच्या जाळीच्या जॅकेटमध्ये एए मिळालं तरी चांगलं. खांदा-कोपराच्या गार्डवर लेव्हल २ असावं. पाठीच्या कप्प्यात हात घालून तपासा; अनेक जॅकेटांत तिथे नुसता स्पंज असतो. दाबून सपाट झाला तर खरं बॅक प्रोटेक्टर वेगळं घ्या, दीड-दोन हजार. दुकानात गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करून बघा. कोपराचं गार्ड बाजूला सरकत असेल तर माप चुकलं.

पावसासाठी वरून घालायचा दोन तुकड्यांचा रेनसूट, भडक रंगाचा, अडीच हजार. टाकीवरच्या बॅगेत मावतो आणि झाडाखाली दोन मिनिटांत चढतो. हातमोजे अडीच हजार. आणि पँट. तुमच्या पत्रात पँटचा उल्लेखच नाही, म्हणजे जीन्सवर फिरत असणार. दुचाकीच्या अपघातात पायांना फार मार बसतो. गुडघ्याला गार्ड असलेली पँट सात हजारांत येते.

हे सगळं मिळून २४,००० होतं, म्हणजे एका जॅकेटपेक्षा चार हजार कमी. अपघात विम्याचा पहिल्या वर्षाचा हप्ता त्यातच निघाला. बिनव्याजी हप्ता घेऊ नका: दुकानदार रोख दिल्यास २६,००० ला द्यायला तयार आहे, हे तुम्हीच लिहिलंय. मग व्याज कुठे लपलंय ते वेगळं सांगायला नको, वर प्रोसेसिंग फी आणि जीएसटी आहेच. हातमोजे या महिन्यात, पँट पुढच्या महिन्यात, जॅकेट त्यापुढच्या दोन महिन्यांच्या उरलेल्या पैशांतून, रेनसूट मे महिन्यात.

तुमचा पुढचा ४०,००० चा हप्ता नोव्हेंबरात आहे. टर्मची वैद्यकीय तपासणी आत्ताच करून घ्या, आणि नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी पेड-अप करायचा अर्ज देऊ नका.