आधी त्याला तुझी सवय होऊ दे

भावा, इग्वानासारखा मोठा सरडा घरी आणून दोनच दिवस झाले अन् तू त्याला हातात घ्यायला बघतोस. जरा दम धर. पहिला आठवडा नुसतं पिंजऱ्याजवळ बसत जा. त्याच्या डोक्यावर मधोमध फिकट ठिपका दिसेल, तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण वरून सावली पडली की कळतं. शिकारी पक्षी वरूनच येतो ना. म्हणून हात कायम बाजूने ने. बोटांत जास्वंदाचं फूल धर. माझ्या मादीने पहिलं फूल हातातून घेतलं ते सतराव्या दिवशी, त्या रात्री आनंदाने मला झोप लागली नाही.

गळ्याखालची झालर ताणून, अंग चपटं करून आडवा उभा राहिला तर तिथंच थांब. शेपटीला धरून कधीच उचलू नको, तुटते. छातीखाली तळहात अन् मागच्या पायांना आधार दे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवू नको. हाताळून झालं की साबणाने हात धू, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा धोका असतो. अन् असे परदेशी प्राणी पाळण्याच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी केली नसशील तर आजच कर.