मराठी बातम्यांतलं ‘त्यांनी’ म्हणजे नेमकं कोण, हे संगणकाला कसं ओळखायला लावायचं?

तुम्हाला मराठी बातम्यांमधून कोणी काय केलं, कोण काय म्हणालं याच्या नोंदी काढायच्या आहेत. अडचण अशी की निम्मी वाक्यं ‘त्यांनी’, ‘ती’, ‘हे’ यांवर चालतात. मजकूर इंग्रजीत नेऊन तिथलं तयार कोरेफरन्स मॉडेल (कोणता शब्द कोणाबद्दल आहे हे जुळवणारं) चालवलं तर चालेल का, असं विचारलं आहे. माझं मत: त्या वाटेला जाऊ नका. ‘त्यांनी’चं इंग्रजी करताना ‘ही’ की ‘शी’ हे भाषांतर करणारं यंत्रच अंदाजाने ठरवून टाकतं. म्हणजे चूक तुमच्या मॉडेलच्या आधीच घुसते आणि नंतर सापडतही नाही.

आधी कामाची पद्धत पाहू. २०१७ नंतरची बरीच मॉडेल्स एकाच कल्पनेवर उभी आहेत. मजकुरातला प्रत्येक सलग शब्दगट हा कशाचा तरी ‘उल्लेख’ असू शकतो असं धरायचं, त्याला गुण द्यायचे आणि वरचे ठेवून बाकीचे गाळायचे. ५०० शब्दांच्या बातमीत असे सव्वा लाख शब्दगट होतात. लांबी १० शब्दांपर्यंत मर्यादित केली की पाचेक हजार उरतात, आणि दर शब्दामागे ०.४ या हिशोबाने त्यातले २०० पुढे जातात. मग प्रत्येक उल्लेख आधीच्या कुठल्या उल्लेखाशी जुळतो, की कोणाशीच नाही, हे ठरतं. जोड्या जुळत जाऊन एका व्यक्तीची साखळी तयार होते.

आता हे पाहा: ‘सरपंच सुनीता पाटील यांनी ग्रामसेवकांची भेट घेतली. त्यांनी पाणीपुरवठ्याचा आराखडा दाखवला. पाटलांना तो पसंत पडला नाही.’

पहिला सापळा ‘यांनी’. बातमीच्या भाषेत ते नावाचाच भाग असतं. वेगळं सर्वनाम म्हणून मोजलं तर प्रत्येक नावामागे एक खोटा उल्लेख तयार होतो. दुसरा ‘पाटलांना’. ‘पाटील’शी अक्षरं जुळवून पाहिली तर हाती काही लागत नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो. म्हणून शब्दाचं मूळ रूप काढण्याची पायरी आधी हवी. तिसरा ‘त्यांनी’, आणि खरी कसोटी इथेच आहे. आदरार्थी अनेकवचनाच्या ‘त्यांनी’, ‘त्यांना’ अशा रूपांत लिंग पुसलं जातं, त्यामुळे लिंगावरून उमेदवार गाळण्याची युक्ती नेमकी गरजेच्या वेळी निकामी होते. आराखडा ग्रामसेवकांनी दाखवला हे तिसऱ्या वाक्यावरूनच कळतं. एकवचनातही ‘तो’ आणि नपुंसकलिंगी ‘ते’ दोन्ही ‘त्याने’ होतात. ‘तिने’ तेवढं वेगळं राहतं.

गाळलेला कर्ता त्याहून अवघड. ‘सीमा बाजारात गेली. आंबे घेतले आणि रिक्षाने परत आली.’ ‘घेतले’ हे क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं, सीमाप्रमाणे नाही. क्रियापदावरून कर्त्याचं लिंग ओळखणारा नियम इथे हमखास फसतो. हाताने खुणा करताना (प्रत्येक उल्लेखाला तो कोणाचा हे सांगणारा क्रमांक देताना) अशा रिकाम्या जागांनाही क्रमांक द्या, नाहीतर बरीच कृत्यं बेवारस राहतील. उलट ‘आपला’ तुमच्या बाजूचा आहे: ‘रमेशने सुरेशला आपल्या गाडीतून सोडलं’ यात गाडी सहसा रमेशचीच. ‘त्याच्या’ असतं तर ती कोणाची हे नक्की सांगता आलं नसतं.

सुरुवातीला पन्नासेक बातम्या दोन जणांकडून स्वतंत्रपणे खुणा करून घ्या आणि जिथे मतं फुटतात तिथे नियम लिहून काढा. मोठं भाषा-मॉडेल वापरणार असाल तर त्याला मजकूर पुन्हा लिहायला सांगू नका. मूळ मजकुरात फक्त कंस आणि क्रमांक घालायला सांगा. नंतर कंस काढून टाकल्यावर मजकूर अक्षरशः मूळचाच आहे का, हे प्रोग्रामने तपासता येतं. सर्वनामाच्या जागी नाव घालायचं असेल तर विभक्तीही उचला: ‘त्यांना’च्या जागी ‘पाटील यांना’. अवतरणातल्या ‘मी’ला हात लावू नका, त्याला फक्त बोलणाऱ्याचा क्रमांक द्या.

मोजमापाबद्दल सावध राहा. भाषातंत्राच्या २०११च्या कॉनल स्पर्धेपासून म्यूक, बी-क्यूब आणि सीईएएफ या तीन गुणपद्धतींची सरासरी घेतात. नुसतं म्यूक पाहिलं तर सगळे उल्लेख एकाच साखळीत कोंबणाऱ्या मॉडेललाही भरपूर गुण मिळतात. आणि तुमच्या कामात सगळ्यात घातक चूक तीच: एक ‘त्यांनी’ चुकीचा जोडला की मंत्री आणि विरोधी पक्षनेता एकाच साखळीत जातात आणि एकाची विधानं दुसऱ्याच्या नावावर पडतात. म्हणून खात्री नसेल तिथे जोडू नका. सुटलेला दुवा नंतर माणसाला जोडता येतो.

हेच तंत्र सारांश, रुग्णांच्या नोंदी आणि भाषांतरातही लागतं. दस्तऐवजांवर प्रश्नोत्तरं करणाऱ्या यंत्रणेत तर आवर्जून वापरा. तिथे मजकुराचे तुकडे पाडतात, आणि ‘त्यांनी राजीनामा दिला’ एवढाच तुकडा वेगळा पडला तर नावाने शोधणाऱ्याला तो सहसा सापडत नाही. त्यामुळे साखळ्या अख्ख्या बातमीवर आधी काढा, तुकडे नंतर पाडा.