ऐंशी मिनिटांची 'कसोटी' आणि नोव्हेंबरचा 'शरद'

प्रश्न असा आला आहे: दरवर्षी नोव्हेंबरात न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना वगैरे संघ युरोपात येऊन रग्बी युनियनचे सामने खेळतात. इंग्रजीत त्यांना 'ऑटम टेस्ट्स' किंवा 'ऑटम इंटरनॅशनल्स' म्हणतात. मराठीत 'शरद ऋतूतील कसोटी मालिका' लिहिलं तर चालेल का, की 'कसोटी' म्हटल्यावर वाचकाला क्रिकेटच आठवेल?

थोडक्यात उत्तर: 'कसोटी' बिनधास्त लिहा, 'मालिका' जपून वापरा, 'शरद' टाळा.

आधी कसोटी. हा सोनाराच्या दुकानातला काळा दगड. संस्कृत 'कषपट्टिका'वरून आलेला शब्द. दगडावर सोन्याची रेघ ओढायची आणि रेघेच्या रंगावरून कस ठरवायचा. गंमत म्हणजे इंग्रजी 'टेस्ट'सुद्धा त्याच धंद्यातला आहे. सोनं-चांदी तापवून त्यातलं हीण काढायची जी मूस असते, तिचं हे मूळ नाव. लॅटिनमध्ये मातीच्या भांड्याला 'टेस्टम' म्हणत, तिथून ते आलं. म्हणजे 'टेस्ट'ला 'कसोटी' हा प्रतिशब्द नुसता जुळत नाही, तो त्याच पेढीवरचा आहे. दोन्ही शब्दांत पाच दिवस कुठेच नाहीत. पाच दिवस क्रिकेटनं चिकटवले, तेही बऱ्याच उशिरा. त्याआधी तीन दिवसांच्या कसोट्या होत्या, चार दिवसांच्या होत्या, आणि मुदतच नसलेल्याही होत्या. १९३९ची डर्बनची कसोटी इंग्लंडला परतीची बोट गाठायची होती म्हणून अनिर्णित सोडावी लागली. त्यामुळे चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन डावांचा सामना 'कसोटी' म्हणवून घेतो तेव्हा तो क्रिकेटचं काही उसनं घेत नाही. ज्येष्ठपणच काढायचं तर स्कॉटलंड आणि इंग्लंड एडिनबरोत रग्बीसाठी भिडले ते २७ मार्च १८७१ला, एका बाजूला वीस-वीस गडी घेऊन. क्रिकेटची पहिली कसोटी मेलबर्नला १८७७ साली झाली.

खरा घोळ वेगळाच आहे. क्रिकेटमध्ये कसोटी हा खेळाचा प्रकार आहे. एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी हे त्याचे भाऊबंद. रग्बीत कसोटी हा सामन्याचा दर्जा आहे. मैदान, नियम, वेळ क्लबच्या सामन्यासारखंच. फरक एवढाच की राष्ट्रीय संघटना त्या सामन्यासाठी खेळाडूला 'कॅप' देते, म्हणजे देशासाठी खेळल्याचा मान त्याच्या नावावर मोजला जातो. आणि देते की नाही हे ती संघटना ठरवते. १९७६ साली न्यूझीलंडचा संघ अर्जेंटिनाला गेला तेव्हा अर्जेंटिनानं आपल्या खेळाडूंना कॅप दिल्या, न्यूझीलंडनं दिल्या नाहीत. एकच सामना, एका बाजूला कसोटी आणि दुसऱ्या बाजूला नाही! म्हणून जुनी आकडेवारी लावताना दोन देशांचे आकडे जुळले नाहीत तर लगेच छपाईची चूक समजू नका.

कॅपला 'टोपी' करू नये, हे सांगायलाच हवं. 'त्याला पन्नासावी टोपी मिळाली' इथवर एखादा वाचक सोसेल, पण 'मंडळानं त्याला टोपी घातली' असं छापलंत की अर्थ थेट फसवणुकीवर जातो. 'पन्नासावी कसोटी' किंवा सरळ 'पन्नास कॅप' लिहावं. आणखी एक चूक नेहमी होते: संघ २३ जणांचा जाहीर होतो, पंधरा मैदानात आणि आठ राखीव. राखीव खेळाडू प्रत्यक्ष मैदानात उतरला तरच कॅप मोजली जाते. म्हणून संघाची यादी पाहून सकाळीच 'आज पदार्पण' असं छापू नये, 'पदार्पणाची शक्यता' लिहावं.

दौऱ्यातला प्रत्येक सामना कसोटी नसतो, हेही इथेच येतं. न्यूझीलंडच्या संघानं १९०५-०६च्या पहिल्या मोठ्या दौऱ्यात ३५ सामने खेळले. त्यांत कसोट्या पाच. हरले ते एकदाच, कार्डिफला वेल्सकडून ०-३. १९७८चं उदाहरण तर भाषांतर करणाऱ्यांसाठी शिकवणीसारखं आहे. त्या दौऱ्यात ऑल ब्लॅक्सनी (न्यूझीलंडच्या संघाचं हे टोपणनाव) आयर्लंड, वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड या चौघांनाही हरवलं, म्हणजे 'ग्रँड स्लॅम' साधला. पण ३१ ऑक्टोबरला लिमरिकमध्ये मुन्स्टर या आयर्लंडच्या प्रांतिक संघानं त्यांना १२-० असं लोळवलं. 'दौऱ्यात अपराजित' लिहाल तर चूक, 'कसोट्यांत अपराजित' लिहाल तर बरोबर. (ग्रँड स्लॅमचेही दोन अर्थ आहेत. दौऱ्यावरच्या संघासाठी ब्रिटन-आयर्लंडचे चारही संघ हरवणं; सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेत पाचही सामने जिंकणं.)

आता 'मालिका'. मराठी वाचकाच्या कानाला मालिका म्हणजे तेच दोन संघ, लागोपाठ सामने, शेवटी २-१. जुलैच्या दौऱ्यांना हे चपखल बसतं: आयर्लंडनं २०२२ साली न्यूझीलंडमध्ये जाऊन तीन कसोट्यांची मालिका २-१ अशी जिंकली. नोव्हेंबरात मात्र पाहुणा संघ दर आठवड्याला नव्या यजमानाकडे जातो; एक शनिवार एडिनबरोत, पुढचा लंडनमध्ये. २०२१पासून 'ऑटम नेशन्स सिरीज' हे नाव लावलं गेलं, पण त्यात गुणतक्ता नव्हता आणि चषकही नव्हता. तेव्हा 'इंग्लंडनं मालिका जिंकली' हे वाक्य निरर्थक आहे. 'नोव्हेंबरच्या चारही कसोट्या जिंकल्या' असं म्हणा. २०२०चा 'ऑटम नेशन्स कप' ही मात्र खरी स्पर्धा होती. तिची अंतिम लढत इंग्लंडनं फ्रान्सविरुद्ध जादा वेळेत जिंकली. नावं सारखी वाटतात म्हणून दोन्ही एकाच ओळीत कोंबू नयेत. २०२६पासून बारा संघांची 'नेशन्स चॅम्पियनशिप' आखली आहे, जुलै आणि नोव्हेंबरच्या सामन्यांचा एकच गुणतक्ता धरून. तिला 'स्पर्धा' म्हणावं.

चषक नाही म्हणून काही जण 'मैत्रीपूर्ण सामने' लिहितात. तो फुटबॉलचा शब्द, रग्बीत तो लागू पडत नाही. इथल्या प्रत्येक कसोटीवर जागतिक क्रमवारीचे गुण ठरतात. यजमानाला क्रमवारीत तीन गुणांनी वरचढ धरून हिशेब होतो, आणि सामना पंधरापेक्षा जास्त गुणांच्या फरकानं जिंकल्यास क्रमवारीच्या गुणांची देवाणघेवाण दीडपट होते. २०२७च्या विश्वचषकाची गटवारी नोव्हेंबर २०२५च्या सामन्यांनंतरच्या क्रमवारीवरूनच झाली. संघ दुबळा दिसला म्हणूनही दर्जा खाली आणू नये. क्लबांनी राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडण्याची जी अधिकृत मुदत असते, तिच्याबाहेर सामना ठेवला तर परदेशी क्लब खेळाडू द्यायला बांधील नसतात. २९ नोव्हेंबर २०२५ची कार्डिफची वेल्स-दक्षिण आफ्रिका लढत अशीच मुदतीबाहेरची होती. निकाल ०-७३ लागला, तरी ती कसोटीच.

राहता राहिला 'शरद'. कोशात ऑटमसमोर शरद असतं, पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, कोजागरी, स्वच्छ आभाळ. नोव्हेंबर उतरेपर्यंत मार्गशीर्ष आणि त्याबरोबरचा हेमंत लागलेला तरी असतो किंवा तोंडावर तरी आलेला असतो. त्यात तिकडे दुपारी चार-साडेचारला अंधारून येतं आणि मैदानात चिखल असतो. 'पानगळीचे सामने' तर आणखी फसवं, कारण आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात; तेव्हा नेमकी सिक्स नेशन्स चालू असते. शिवाय ऑस्ट्रेलियात याच दौऱ्याला 'स्प्रिंग टूर' म्हणतात, कारण घरी त्यांच्याकडे वसंत असतो. ऋतू बदलतो, महिना बदलत नाही. म्हणून 'नोव्हेंबरच्या कसोट्या', आणि उन्हाळी-हिवाळीऐवजी 'जुलैचे दौरे'.

ता. क. भारताचा पंधरा जणांचा राष्ट्रीय संघ आशियाई स्पर्धेत उतरतो तेव्हा त्यालाही कसोटी म्हणायला हरकत नाही. २०२५ साली अंधेरीत झालेली रग्बी प्रीमियर लीग मात्र सात-सात जणांची आणि फ्रँचायझी संघांची होती. तिथे नुसतं 'सामना' लिहावं.